उंचवटे यांचा पुढचा बंपर

व्यक्तीचे वर्णन: पुरुष, वय साठ पूर्ण. उंची मध्यम, बांधा मध्यम, आवाज मध्यम. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर डांबराने भाजल्याचा जुना डाग. व्यवसाय: रस्ते विभागातून पर्यवेक्षक या पदावरून निवृत्त. शहराच्या पूर्व भागातील सर्व गतिरोधक सदर व्यक्तीच्या देखरेखीखाली बांधण्यात आले. सदर गतिरोधकांची उंची, रुंदी व उतार मानकाप्रमाणे असल्याचे वेळोवेळी प्रमाणित करण्यात आले आहे. प्रमाणित करणारा अधिकारी: सदर व्यक्ती. संपूर्ण सेवाकाळात कामाविरुद्ध एकही तक्रार प्राप्त नाही. वैवाहिक स्थिती: या रकान्यात अलीकडे बदल झाला आहे.

शेवटची ओळ सोडली तर हा मजकूर निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी वाचून दाखवला होता. टाळ्या पडल्या, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. विभागात त्यांना सगळे उंचवटे म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं, पण इतकं चिकटलं होतं की घड्याळाच्या खालच्या पट्टीवरही तेच कोरून आलं, आणि ते बदलून मागण्याइतका उत्साह त्यांच्यात तेव्हाही नव्हता.

उंचवट्यांची बायको दातांच्या कवळ्या करायची. दवाखान्यात पुढे बसून नव्हे, मागच्या खोलीत, मेण, प्लास्टर आणि एका लहान फिरत्या दगडासमोर. जिचे हात दिवसभर लोकांच्या हिरड्यांच्या ठशांत असतात, तिला संध्याकाळी कशाची हौस असेल हे सांगता येत नाही. हिला एकावन्नाव्या वर्षी स्पोर्ट्स कारची झाली. जुनी, लाल, दोन दारांची, लांब तोंडाची गाडी ती एके रविवारी घेऊन आली. मुळातच गाडी बुटकी होती. तेवढ्यावर समाधान न होऊन हिने तिच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या आणि ती आणखी खाली बसवली. इतर गाड्यांत माणसं चढतात. हिच्या गाडीत उतरावं लागे. उंचवटे तिच्यात पहिल्यांदा बसले तेव्हा शेजारून गेलेल्या सायकलचं पेडल त्यांच्या नाकासमोरून गेलं.

“एवढी खाली कशाला?” त्यांनी विचारलं होतं.

“रस्ता कळतो,” ती म्हणाली. “तुम्ही रस्त्याची नोकरी करता, पण रस्ता कधी बुडाला लागला नाही तुमच्या.”

त्यांच्या इमारतीच्या फाटकासमोर एक गतिरोधक होता. तो अर्थातच उंचवट्यांनीच घातलेला. कोपऱ्यावरून वळून गाड्या सुसाट येतात म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी गळ घातली होती, आणि घरच्या दारात एक गतिरोधक घालण्याइतकी सत्ता उंचवट्यांकडे होती. जास्त नव्हती, पण तेवढी होती. गाडी आल्यापासून त्या गतिरोधकावरून नवराबायकोत जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडण संपतं. हे नेमाने चालायचं, दात घासण्यासारखं.

“तुमचा तो डोंगर जरा जास्तच झालाय हं,” ती चहा गाळताना म्हणायची.

“मानकाप्रमाणे आहे. चार इंच.”

“तो चार इंच नाही.”

“गतिरोधक आधीचा आहे, गाडी नंतरची. तू गाडी वर उचलून घे.”

“गाडी नाही उचलणार. तुम्ही रस्ता खाली आणा.”

“लेखी तक्रार दे मग. विभागाकडे.”

“नवऱ्याला लेखी?” ती म्हणायची आणि कप पुढे सरकवायची.

मग तिने स्वतःचा मार्ग काढला. गतिरोधकाशी आली की ती गाडी थांबवी, चाक पूर्ण डावीकडे वळवी आणि एकेक चाक चढवत तिरकी पार करी, खेकडा दगड ओलांडतो तशी. मागचे हॉर्न वाजवत. ही खिडकीतून हात काढून त्यांना थांबण्याची खूण करी, तीही अशा ऐटीत की लोक खरंच थांबत. उंचवट्यांना ते बघवत नसे. गतिरोधक काटकोनातच ओलांडायचा असतो. तिरकं गेलं की चाकं वेगवेगळ्या वेळी चढतात, गाडीची चौकट पिळली जाते, हे त्यांनी प्रशिक्षणात स्वतः शिकवलेलं. ते बाजूच्या सीटवर बसून समोर बघत राहत.

“तोंड फिरवून बसलात तरी डोंगर तिथेच आहे,” ती म्हणायची.

ती गेली ती दुपारी, काम करता करता. एका गृहस्थांच्या वरच्या कवळीचं मेण तासत होती. “जरा बसते,” म्हणाली. ती बसलेलीच होती. बाजूच्या टेबलावरच्या बाईच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्या गृहस्थांची कवळी दुसऱ्या कोणी पुरी केली. ती नीट बसली असं नंतर कळलं.

फोन आला तेव्हा उंचवटे डबे पुसत होते. त्यांनी फोन ऐकला, उरलेले दोन डबे पुसले, मग चपला घातल्या. पुढे लोक आले, बसले, पाणी प्याले, गेले. प्रत्येकाने सांगितलं की मोकळं रडा, आत साठवू नका. उंचवट्यांनी आत पाहिलं. साठवलेलं असं काही दिसलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात तेव्हा ओठ आपलाच असतो पण दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं होतं. बायको म्हणायची, सुई दिल्यावर लोक गंमत म्हणून गाल चावतात, आणि नंतर रक्त बघून आमच्याकडे रागाने बघतात. उंचवट्यांनी काही चावलं नाही. ते वेळेवर जेवत, वेळेवर झोपत, आणि आल्यागेल्याशी रस्त्यांबद्दल बोलत.

मुलगी दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होती. आली, सगळं उरकलं, परत गेली. तिचं आणि बापाचं वैर नव्हतं. फक्त दोघांच्या मध्ये बोलणारी जी होती ती आता नव्हती. पूर्वी मुलीचा फोन आला की उंचवटे “आईला देतो” एवढं म्हणत. आता फोन आला की दोन्हीकडे थोडा वेळ कोणीच नसे.

“बाबा, आईचं मला काही नको,” ती एके दिवशी म्हणाली. “दागिने, साड्या, काही नको. गाडी तेवढी हवीय.”

“ने.”

“शनिवारी येते. तोपर्यंत गाडीला हात लावू नका. जशी आहे तशी हवी.”

“मी कशाला लावतोय हात?”

“सांगून ठेवते.”

त्यांनी खरंच लावला नसता. पण त्याच आठवड्यात सोसायटीने पाण्याची टाकी धुवायला काढली आणि टाकीचं झाकण नेमकं लाल गाडीच्या खाली होतं. सेक्रेटरी दारात येऊन अवघडून उभे राहिले.

“तुम्हाला त्रास द्यायचा नाही या दिवसांत,” ते म्हणाले, “पण झाकण...”

“काढतो की,” उंचवटे म्हणाले.

किल्ली तिच्या पर्समध्ये होती. पर्समध्ये आणखी काय होतं हे न बघता त्यांनी बोटांनी चाचपून किल्ली काढली. गाडीत उतरले. सीट पुढे होती, मागे केली नाही. गुडघे स्टिअरिंगला लागत होते तसेच लागू दिले. फाटकातून बाहेर आले, समोर गतिरोधक होता, आणि उंचवट्यांनी तो आयुष्यभर जसा ओलांडायला शिकवला तसा ओलांडला: सरळ, काटकोनात, मंद गतीने.

आवाज फार मोठा झाला नाही. जाड पुठ्ठा फाडावा तसा झाला. उतरून पाहिलं तर पुढचा बंपर मधोमध तडकला होता आणि त्याचा खालचा ओठ एका बाजूने लोंबत होता. सेक्रेटरी मागून धावत आले.

“अहो, बाई तिरकी घालायच्या ना!”

“हो,” उंचवटे म्हणाले. त्यांनी लोंबणारा तुकडा हातात घेतला. “नियम सरळ घालायचा आहे.”

*

बायकोची गाडी ज्या गॅरेजात जाई त्याच्या मालकाला सगळे मामा म्हणत. तो उंचवट्यांहून पंधरा वर्षांनी लहान होता आणि पोटाने तेवढाच मोठा. गाडी ओढून आणलेली बघून तो उठला, वाकून बंपरकडे पाहिलं, मग उंचवट्यांकडे पाहिलं, आणि जे म्हणायला तोंड उघडलं होतं ते न म्हणता त्याने स्टूल पुढे केलं.

“बसा साहेब. बाईंचं कळलं. यायला जमलं नाही.”

“असू दे. हा शनिवारपर्यंत होईल का? होता तसा.”

“होता तसा म्हणजे?” मामाने तडकलेला बंपर सोडवून जमिनीवर पालथा घातला. “हे बघा. खालून बघा.”

उंचवट्यांनी खालून पाहिलं. वरून लाल आणि गुळगुळीत असलेला बंपर खालून ओरखड्यांनी भरलेला होता. आडवे, तिरके, एकावर एक. जुने काळे पडलेले, नवे पांढरे. नऊ वर्षांत ती जिथे जिथे गेली त्या सगळ्या रस्त्यांनी खालून सही करून ठेवली होती.

“हे नव्यात येणार नाही,” मामा म्हणाला. “जोडून देऊ म्हणाल तर जोडतो. पण मधला तडा रंगाखालून पण दिसणार. आणि पहिल्या धक्क्याला परत उघडणार. माझं ऐकाल तर जोडू नका.”

“मग?”

मग मामाने दोन बंपर आणून भिंतीला टेकवून उभे केले. एक कंपनीचा, मूळचा, जसा गाडी नवीन असताना होता: साधा, गोलसर, खालची कड चांगली वर. दुसरा फायबरचा, बायकोने बसवून घेतला होता त्याच साच्यातला: खाली पुढे आलेला पातळ ओठ, जमिनीला कान लावून ऐकतोय असा. दोन्ही अजून बिनरंगाचे, काळे. मूळ तोंड आणि तिचं तोंड शेजारी शेजारी, आणि उंचवटे समोर स्टुलावर. आत काही हलतंय का याची त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. हललं नाही.

“तुम्ही काय घ्याल?” त्यांनी विचारलं.

“मी हा,” मामाने कंपनीच्या बंपरवर हात ठेवला. “दोन बोटं उंच आहे. मुलगी नेणार, लांबचा रस्ता आहे, सरळ घातली तरी पार होईल. ह्या दुसऱ्याचं काय आहे, हा बाईंसाठी ठीक होता. बाईंना चालवता यायची.”

“मुलगी म्हणाली जशी आहे तशी हवी.”

“मुलगी ओरडेल तर एकदा ओरडेल. बंपर फुटला तर रस्त्यात उभी राहील. बाप म्हणून तुम्ही ठरवा.”

हे बोलणं सरळ होतं आणि उंचवट्यांना पटण्यासारखं होतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं: लोकांना जे हवं ते नव्हे, लोकांना जे सुरक्षित ते. ते कंपनीचाच म्हणणार होते. तोंडात शब्द आलाही होता. तेवढ्यात मामा म्हणाला,

“फक्त एक. तुमच्या दारातला तो गतिरोधक मोजून या. तिथून हा पास झाला की सगळीकडून झाला.”

“मोजायची गरज नाही. चार इंच आहे.”

मामा फडक्याने हात पुसत बसला, जे आधीच पुसून झाले होते.

“काय?” उंचवटे म्हणाले.

“काही नाही. बाई म्हणायच्या...”

“मला माहीत आहे ती काय म्हणायची.”

“इथे बसून म्हणायच्या, ह्याच स्टुलावर. मी म्हटलं बाई, वर उचलून देतो गाडी, अर्ध्या दिवसाचं काम. तर म्हणाल्या, नाही मामा, चूक ज्याची त्याने वाकायचं.” मामा हसला आणि मग हसणं कुठे ठेवावं हे न कळून त्याने ते तसंच चेहऱ्यावर राहू दिलं. “चेष्टेत हो. तुमच्याबद्दल चांगलंच बोलायच्या. म्हणजे, बरंच बोलायच्या.”

उंचवटे उठले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट करायची होती, नुसती उरकायची नव्हती. त्यांना सिद्ध करायचं होतं की तो चार इंच आहे. कोणाला, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

*

गतिरोधक मोजायला फूटपट्टी चालत नाही. त्याला फर्मा लागतो: लाकडी फळी, खालून गतिरोधकाच्या आकारात कोरलेली. डांबर गरम असताना फर्मा आडवा ठेवून ओढत नेतात. फर्मा दोन्ही टोकांना रस्त्यावर टेकला आणि मध्ये कुठे उजेड दिसला नाही की काम मानकाप्रमाणे. पूर्व भागाचा फर्मा उंचवट्यांनी स्वतः कापून घेतला होता आणि तो अजून विभागाच्या आवारात, रोलरच्या मागे, भिंतीला टेकवलेला होता.

रोलर चालवणारा जुना सोबती सावलीत बसून शेंगा सोलत होता. त्यांना बघून उठला.

“या उंचवटे. निवृत्त माणसं इकडे येतात ती फक्त पेन्शनची कागदं हरवली की.”

“फर्मा हवाय. उद्या आणून देतो.”

“कशाला?”

“घरासमोरचा मोजायचाय.”

सोबत्याने शेंगा खाली ठेवल्या. “कुठला? आपण त्या संध्याकाळी घातलेला?”

“हो.”

“तो कशाला मोजता,” सोबती म्हणाला. मग जरा थांबून, दुसऱ्याच आवाजात: “वहिनींचं ऐकून फार वाईट वाटलं. मी येणार होतो.”

“असू दे,” उंचवटे म्हणाले. हे उत्तर आता त्यांच्या तोंडून आपोआप निघे.

फर्मा खांद्यावर घेऊन ते भर दुपारी चालत घरी आले. लोकांनी वळून पाहिलं. फाटकासमोर दोन्ही बाजूंना रस्ता रिकामा बघून त्यांनी तो गतिरोधकावर ठेवला, नीट काटकोनात, आणि मागे सरले.

फर्मा टेकला नाही. तो मधल्या उंचवट्यावर बसला आणि दोन्ही टोकं हवेत राहिली. एक टोक दाबलं की ते रस्त्याला लागे आणि दुसरं वर जाई. उंचवट्यांनी एक टोक दाबलं, सोडलं. मग दुसरं. बागेतल्या सीसॉवर एकटंच पोर खेळावं तसा साठीचा माणूस रस्त्यात उकिडवा बसून फळी वरखाली करत होता. शेवटी त्यांनी ती मधोमध तोलून धरली आणि टोकाखाली बोटं घातली. एक गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं नाही.

मग त्यांना ती संध्याकाळ आठवली. म्हणजे ती ते विसरले नव्हते; फक्त तिच्याकडे पाहिलं नव्हतं. दिवसाचं शेवटचं काम होतं. तीन गतिरोधक घालून झाले होते, चौथा हा, घरचा. ट्रकमध्ये डांबराचा माल जरुरीपेक्षा जास्त उरला होता. उरलेला माल परत नेता येत नाही, गार होऊन ट्रकच्या तळाला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी पहारी घेऊन खरवडत बसावं लागतं. म्हणून शेवटच्या जागेला तो सगळा ओतायचा, हा विभागातला सगळ्यांचा रिवाज. शेवटची जागा नेहमी थोडी जाड होते आणि कोणी बोलत नाही. दुसऱ्या कोणाच्या दारात उंचवट्यांनी ते होऊ दिलं नसतं, फर्मा लावून जास्तीचं काढायला लावलं असतं. पण हे त्यांचं स्वतःचं दार होतं, सोबत्याला घरी जायची घाई होती, आणि वर खिडकीतून बायको विचारत होती, “पाणी आणू का सगळ्यांना?” ते म्हणाले होते, “ओता. रोलर दाबेल.” फर्मा ट्रकमधून काढलाच नव्हता. कागदावर चार इंच लिहिलं होतं, कारण कागदावर नेहमी चार इंचच लिहायचं असतं.

रोलरने दाबला होता. दोन बोटं कमी दाबला होता.

मागे कोणीतरी हॉर्न वाजवला. उंचवट्यांनी फर्मा उचलला आणि बाजूला झाले.

*

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात गेले आणि फायबरच्या बंपरकडे बोट दाखवलं.

“हा.”

“मोजलात?”

“मोजला. तुमचा तोही सरळ जाणार नाही. कुठलाच जाणार नाही. मग तिचाच लावा.”

मामाने किती भरला हे विचारलं नाही, आणि त्याबद्दल उंचवटे मनातून त्याचं देणं लागले.

फायबरचे बंपर साच्यातून निघतात पण बसत नाहीत. मडगार्डला लागते तिथे कड जास्त असते. घासून कमी करावी लागते, नाहीतर एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला उठाव. मामाने जुन्या बंपरची तीच कड दाखवली. ती इतकी गुळगुळीत होती की बोटाला कळत नसे कुठे संपते.

“ही बाईंनी घासलेली. मला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, तुम्ही डबा बसवता, मी कवळी बसवते.”

उंचवटे घरी गेले, तिच्या कामाच्या पेटीतून एक बारीक कानस घेतली आणि परत आले. मामाने दिवा जवळ आणून दिला. उंचवट्यांनी कधी काही घासलं नव्हतं. त्यांचं आयुष्य ओतण्यात आणि दाबण्यात गेलं. एकदा जास्त गेलं, एकदा कमी. पांढरी पूड अंगठ्यावरच्या डागात भरली. सुई उतरायला लागली की ओठाच्या एका कोपऱ्यात आधी मुंग्या येतात, असं ती सांगायची. उंचवटे घासत राहिले. मुंग्या आल्या नाहीत, किंवा आल्या असतील तर त्या हाताला आल्या.

मग रंग. गाडीचा लाल नऊ वर्षांच्या उन्हाने फिका झालेला. नवा लाल लावला तर गाडीने दुसऱ्याचं तोंड लावल्यासारखं दिसलं असतं. मामाने तीन वेळा रंग मिसळला आणि तिसऱ्या वेळेला उंचवटे म्हणाले, “बास.”

*

शनिवारी मुलगी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी गाडीपाशी गेली. मागून पाहिलं, बाजूने पाहिलं, पुढे आली आणि तिथे थांबली. मग पँट मळेल याचा विचार न करता ती जमिनीवर आडवी झाली आणि बंपरच्या खाली पाहिलं. लिफ्टच्या खड्ड्यात रोज उतरणाऱ्या माणसाला जमिनीचं काही वाटत नाही.

“बाबा.”

“हं.”

“हा आईचा नाही.”

“नाही.”

ती उठली नाही. तशीच झोपून, आभाळाकडे बघत म्हणाली, “सांगितलं होतं हात लावू नका.”

“टाकी धुवायची होती. मी सरळ घातली.”

“सरळ?” आता ती उठून बसली. “नऊ वर्षं शेजारी बसलात तिच्या. सरळ?”

“मी समोर बघायचो.”

मुलगी बंपरकडे वळली. तिने मडगार्डजवळच्या कडेवरून बोट फिरवलं. अर्ध्यावर बोट अडलं, तिथे परत फिरवलं.

“ही कड कोणी घासली?”

“मी.”

“दिसतंय,” ती म्हणाली. पण बोट तिने तिथून काढलं नाही.

“जुना ठेवलाय,” उंचवटे म्हणाले. “तडकलेला. वर पलंगाखाली. हवा तर ने.”

“पलंगाखाली? बंपर?”

“कुठे ठेवणार?”

मुलगी हसली, तेवढ्यापुरतं आईसारखं, नाकातून. मग तिचा चेहरा एकाएकी गोळा झाला आणि ती गाडीच्या पुढे बसूनच रडली, चांगली मोठ्याने. उंचवटे शेजारी उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं, आणि ठेवला, आणि तो हात आपलाच आहे की नाही हे त्यांना नीट कळलं नाही. तरी ठेवून राहिले. सेक्रेटरी जिन्यात आले होते ते आल्यापावली परत गेले.

दुपारी निघताना जुना बंपर गाडीत मावेना. तो शेजारच्या सीटवर तिरका उभा केला आणि पट्टा लावला. मुलगी गाडीत उतरली. सीट तिला बरोबर आली, तिची आणि आईची उंची एकच. काच खाली करून तिने फाटकाकडे पाहिलं.

“आता ह्या तुमच्या डोंगरावरून,” ती म्हणाली.

उंचवटे काचेशी वाकले. गाडी इतकी खाली होती की वाकणं पुरेना. गुडघ्यावर बसावं लागलं.

“एक सांगायचंय. आईचं बरोबर होतं. तो जास्त आहे.”

“काय जास्त आहे?”

“गतिरोधक. मी परवा फर्मा लावला.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. “आधी कधी लावलाच नव्हता?”

“नाही.”

“तिला सांगितलंत?” एवढं बोलून ती थांबली. ते वाक्य सवयीने निघालं होतं. पूर्वी सगळंच तिला सांगितलं जायचं. फोनवर असायचं तसं मध्ये पुन्हा कोणीच नव्हतं, फक्त आता समोरासमोर.

“मग आता कमी करून घेणार का?” तिने शेवटी विचारलं.

“मी निवृत्त आहे. आता अर्ज करावा लागेल.”

“कुणाकडे?”

“विभागाकडे. ते कागद काढून बघतील. कागदावर बरोबर आहे.”

“सही कोणाची आहे?”

“माझी.”

ती काच वर करणार होती, ती तशीच ठेवली. “पुढे उभे राहा,” म्हणाली. “हात दाखवा मला.”

उंचवटे फाटकाबाहेर जाऊन गतिरोधकाच्या पलीकडे उभे राहिले. कोपऱ्यावरून एक व्हॅन येत होती. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, आणि ती थांबली. मुलीने चाक पूर्ण डावीकडे वळवलं. डावं चाक चढलं, गाडीने तोंड वर केलं. उंचवटे वाकून खाली बघत होते, बंपरचा ओठ आणि डांबर यांच्यामधल्या उजेडाकडे. उजेड बारीक झाला. “ये,” ते म्हणाले. “ये. ये. आणखी डावीकडे. ये.” हे सगळं ते त्या गाडीला नऊ वर्षांत पहिल्यांदाच म्हणत होते. उजवं चाक चढलं, मग मागचं डावं, मग शेवटचं, आणि गाडी पलीकडे उतरली. कुठेही लागली नाही.

मुलीने खिडकीतून हात काढून दाखवला आणि कोपऱ्यावरून वळली. व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला. उंचवटे बाजूला झाले. व्हॅन सरळ आली, जोरात आदळली, आतलं काहीतरी खडखडलं आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून हा असला गतिरोधक घालणाऱ्याला एक शिवी दिली.

उंचवट्यांनी ती ऐकून घेतली. फर्मा अजून विभागात परत द्यायचा राहिला होता. गतिरोधक दोन बोटं उंच होता.